डोस बरोबर होता, औषध चुकलं

आमच्या देडतलाईत माझं मेडिकलचं छोटं दुकान आहे. बुऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. थोडं पुढे गेलं की मेळघाट, म्हणजे महाराष्ट्र. दुकानात दिवसभर हिंदी, निमाडी, कोरकू आणि आपली वऱ्हाडी वळणाची मराठी अशा सगळ्या बोली ऐकू येतात. येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य हमखास ऐकवतो, "डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध घेऊ नका." तेच वाक्य मी एकदा स्वतः विसरलो. त्याची ही गोष्ट आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ससा आहे किंवा ज्यांना आणायचा आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मुलीच्या हट्टापायी आम्ही दोन ससे आणले. पांढरी ती कापशी आणि राखाडी तो भुऱ्या. एका हिवाळ्यात कापशी शिंकायला लागली. नाक ओलं, पुढच्या पायांची लव चिकट, कारण ससा नाक पायानेच पुसतो. मुलगी म्हणाली, "बाबा, हिला सर्दी झाली." मी दुकानातून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप आणलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध मी रोज देतो. तराजूवर कापशीला तोललं, वजनाच्या हिशेबाने डोस काढला, सिरिंजमध्ये भरला. सिरप गोड होतं, कापशीने ते चाटूनपुसून घेतलं. मला वाटलं, किती सोपं काम होतं हे!

दुसऱ्या दिवशी तिने पाला हुंगला आणि तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि कान गार पडले. तेव्हा मी माझ्या एका वर्गमित्राला फोन लावला. तो महाराष्ट्रात पशुवैद्य आहे.

"काय दिलंस?"

"अमॉक्सिसिलिन."

तो क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तोंडाने दिलंस?"

"हो."

"अरे, सशाला ते तोंडाने द्यायचं नसतं."

त्याने सांगितलं ते सगळं आम्ही केलं, पण उशीर झाला होता. पहाटे कापशी गेली. मुलगी एवढंच म्हणाली, "पण बाबा, तिने औषध तर शहाण्यासारखं घेतलं होतं ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता जे शिकलो, ते पुढे देतो.

सशाचं पोट आपल्यासारखं नाही

सशाच्या पोटात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी पिशवी असते. तिथे कोट्यवधी उपयोगी जंतू गवत आंबवतात आणि त्यातून सशाचं पोषण होतं. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल, आपण झाडून काढतो त्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या. या दुसऱ्या लेंड्या तो बहुधा रात्री किंवा पहाटे थेट खाऊन टाकतो. पाहुण्यांना ते बघून किळस येते, पण जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळवण्याची ती त्याची रीतच आहे. त्याला हटकू नका.

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं तोंडाने दिली की या पिशवीतले चांगले जंतू मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू फोफावतात आणि विष तयार करतात. त्या विषाने जुलाब लागतात आणि ससा काही दिवसांत, कधी एका दिवसातही दगावतो. म्हणजे मी डोस अगदी बरोबर मोजला होता. औषधच चुकीचं होतं.

सशांच्या संसर्गावर पशुवैद्य बहुतेक वेळा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम वापरतात. ही नावं तुम्ही दुकानात जाऊन मागावीत म्हणून लिहिलेली नाहीत. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की ती वाचता यावी आणि शंका आली तर विचारता यावं, एवढ्यासाठीच लिहिली आहेत. आणि कापशीचं ते शिंकणंही साधी सर्दी असेलच असं नव्हतं. पाश्चुरेला नावाच्या जंतूमुळे सशांना नाक वाहण्याचा चिवट आजार होतो, आणि कधी दातांची मुळं वाढूनही नाक-डोळे वाहतात. कारण कळल्याशिवाय औषध कसं ठरवणार?

बारा तासांचा नियम

कापशीनंतर भुऱ्या एकटा राहिला. पुढच्या आखाजीला घर पाहुण्यांनी भरलं. आमचा जिल्हा केळ्यांचा, त्यामुळे घरात केळ्यांना तोटा नाही. लहान मुलांनी भुऱ्याला केळी दिली, कुणी पोळी दिली, कुणी बिस्किट. त्याने सगळं मजेत खाल्लं. सकाळी पाहतो तर गवत जसंच्या तसं, पिंजऱ्यात लेंड्या अगदी थोड्या आणि बारीक, आणि भुऱ्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, दात करकर वाजवत.

सशाची आतडी सतत चालती राहावी लागतात. ती चालवतो तो गवतातला चोथा. गोड आणि पिठूळ खाणं जास्त झालं, पाणी कमी पडलं, दुखणं आलं किंवा नुसती भीती बसली, तरी ती मंदावतात. मग ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकायला हवं. म्हणून पशुवैद्य सांगतात, ससा बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर ती तातडीची वेळ समजा. "उद्यापर्यंत बघू" म्हणायचं नाही.

या वेळी मी कपाटाला हात लावला नाही. सकाळी सहालाच मित्राला फोन केला. त्याने आधी पोट हलक्या हाताने चाचपायला सांगितलं. "मळलेल्या कणकेसारखं लागतंय की ढोलासारखं ताणलेलं?" कणकेसारखं होतं. ढोलासारखं असतं तर आत काही अडकलेलं असण्याची भीती. अशा वेळी तोंडाने काहीही भरवायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

उन्हं चढायच्या आत भुऱ्याला टोपलीत ठेवलं, टोपलीवर ओलं कापड टाकलं आणि पहिली बस धरून बुऱ्हाणपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, माझ्या मित्राशी फोनवर बोलून घेतलं, कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं कमी करणारं औषध दिलं आणि आतड्यांची हालचाल वाढवणारंही दिलं. मग आम्हाला सिरिंजने भरवायला शिकवलं. चार दिवस, दिवसा आणि रात्रीही, दर काही तासांनी आम्ही पाळीपाळीने भरवत होतो. दुसऱ्या रात्री मुलगी ओरडतच आली, "बाबा, लेंड्या!" आठ-दहा काळ्या गोळ्या होत्या. तेवढ्यावर घरात दिवाळी झाली.

औषध पाजायचं कसं

डॉक्टरांनी दाखवलेली रीत अशी:

१. ससा जमिनीवर किंवा बुटक्या चौरंगावर ठेवा, खाली टॉवेल अंथरा. गुळगुळीत फरशीवर तो घाबरून घसरतो.

२. तान्ह्या बाळाला गुंडाळतो तसं टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. मागचे पाय आणि कंबर नीट आधारात हवी. सशाची हाडं नाजूक आणि लाथ जोरदार असते. हवेत जोराने लाथ मारली तर त्याचा कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नका.

३. सुई काढलेली 1 मिलीची सिरिंज घ्या. सशाचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. सिरिंज समोरून न घालता बाजूने, त्या जागेत सरकवा.

४. एका वेळी अर्ध्या मिलीपेक्षा जास्त सोडू नका. तो चघळतो, गिळतो, मग पुढचा घोट. डोकं वर करून ओतलं तर औषध श्वासनलिकेत जातं.

५. ससा उताणा केला की निपचित पडतो आणि लोकांना वाटतं त्याला मजा येते. ते भीतीने गोठणं असतं. उताणा ठेवून औषध कधीही पाजू नका.

६. औषध पिण्याच्या पाण्यात मिसळू नका. चव बदलली की ससा पाणीच कमी पितो, आणि किती औषध पोटात गेलं हेही कळत नाही. कडू औषधासाठी डॉक्टरांना विचारून नखाएवढं कुस्करलेलं केळं चालतं. केळ्याचा आमच्या भुऱ्याला आता एवढाच हक्क आहे.

७. वेळ आणि डोस वहीत लिहा. घरात चार माणसं असली की "तू दिलंस का?" "मला वाटलं तू दिलंस" हे हमखास होतं.

८. शेवटी हनुवटी पुसा, कोथिंबिरीची काडी द्या, कपाळ चोळा. म्हणजे पुढच्या वेळी टॉवेल दिसला की तो पळून जाणार नाही.

खरूज, कानातले किडे आणि गुरांचं औषध

नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या कडेला, बोटांवर पांढरट खपली दिसली तर बहुधा खरूज. कानात थरावर थर तपकिरी पोपडे साचले आणि ससा डोकं झटकत असला तर कानातले किडे. पोपडे ओरबाडून काढू नका, खालची कातडी सोलून निघते. उपचार झाला की ते आपोआप गळतात. खरजेचे किडे माणसालाही काही दिवस खाज आणतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

यावर पशुवैद्य आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा देतात. गोम इथेच आहे. गावात गुरांसाठी मिळणाऱ्या 1 टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असतं. दोन किलोच्या सशाला लागणारं औषध मिलीच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतं. "थोडंसं टोचून दे" या अंदाजात सशाचा जीव जाऊ शकतो.

कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवर मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध सशाला विषारी आहे. ते त्याच्यावर अजिबात वापरू नका. रॉकेल, जळकं ऑइल, कापूर घातलेलं तेल हे गावठी उपायही नकोत. ससा दिवसभर स्वतःला चाटतो, त्यामुळे अंगावर लावलेलं पोटात जातं. आपल्याकडे खाजेसाठी मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड सशाला फार लवकर बाधतं. उरलेली ट्यूब त्याच्यावर संपवू नका.

ऊन, पाऊस आणि दात

आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, कान लालभडक आणि गरम होणं, लाळ गळणं ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्याने कान ओले करा, वारा घाला आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेही तो जाऊ शकतो. आम्ही उन्हाळ्यात भुऱ्याला घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवतो, खिडकीला ओलं गोणपाट लावतो आणि गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवतो. तो तिला टेकून झोपतो.

पावसाळ्यात धोका माश्यांचा. ससा लठ्ठ असेल किंवा त्याला जुलाब होत असतील तर मागची लव घाण राहते. तिथे माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या कातडीत शिरतात. म्हणून पावसाळ्यात दिवसातून दोनदा मागची बाजू बघायची. आंघोळ घालायची नाही, घाण झालेला भागच कोमट पाण्याने धुवून कोरडा करायचा. पिंजऱ्याची जमीन नुसत्या तारेच्या जाळीची असेल तर तळपायाला जखमा होतात. लाकडी फळी किंवा गवत अंथरा.

दातांचं म्हणाल तर सशाचे सगळे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. गवत चावून ते झिजतात. म्हणून सशाचं मुख्य जेवण गवत किंवा कोरडा चारा, ताटाचा पाऊण भाग तोच. वर थोडी कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला. पिलांना चालणारा लसूणघास मोठ्या सशाला रोज देऊ नका. त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि ते लघवीच्या पिशवीत गाळासारखं साचू शकतं. चित्रात ससा गाजर खातो, खऱ्या सशाला गाजर म्हणजे मिठाई. दही-ताक, पोळी, चणे नकोत. हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, खावंसं वाटतंय पण तोंडातून घास पडतोय, असं दिसलं तर दात तपासून घ्या. नेलकटरने घरी दात कापू नका, उभे चिरतात.

लघवी कधी कधी केशरी किंवा लालसर दिसते. बरेचदा ते खाण्यातल्या रंगाने होतं. पण ससा कुंथत असेल, किंवा मादी चार वर्षांपुढची असून तिची नसबंदी झालेली नसेल, तर ते रक्त आहे का हे तपासायलाच हवं. अशा माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो.

रानातला ससा आणायचा नाही

आमच्या बाजूला जंगल आहे. एकदा एका मुलाने रानातून इवलंसं पिल्लू आणलं, "आई नव्हती जवळ." डोळे उघडे, अंगावर पूर्ण लव. ते रानससा होतं, भुऱ्याच्या जातीचं नव्हे. पाळीव सशाची पिल्लं उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिल्लं पहिल्याच दिवशी डोळे उघडे ठेवून गवतात लपून बसतात. आई दिवसभर दूर राहते आणि अंधार पडता पडता दूध पाजायला येते. म्हणजे ते पिल्लू पोरकं नव्हतं, आपणच त्याला पोरकं करत होतो. मी त्या मुलाबरोबर गेलो आणि सापडलं त्याच जागी ते परत ठेवलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा संरक्षित आहे, तो पाळणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनखात्याला कळवा.

आधी डॉक्टर शोधा, मग ससा आणा

सशांवर रोज उपचार करणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. गावाकडच्या दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांचाच व्याप मोठा असतो. मुंबईत असाल तर परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, अकोला आणि आमच्याकडे महू इथेही पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. ससा धडधाकट असतानाच एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा आणि विचारा, "तुम्ही ससे बघता का? रात्री गरज पडली तर कुणाला फोन करू?"

घरात एक छोटा डबा तयार ठेवा. बिनसुईच्या दोन-तीन सिरिंज, जुना टॉवेल, सशांचं पॅलेट खाद्य (कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून सिरिंजने भरवता येतं), स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही. दर रविवारी वजन लिहा. दोन किलोच्या जीवाचे दोनशे ग्रॅम उतरले तर ते डोळ्यांना दिसत नाहीत, वहीत दिसतात. डब्यात माणसांचं एकही औषध ठेवू नका.

ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे शाळेत असताना आणलात तर तो तुमच्या कॉलेजपर्यंत सोबत असेल. तो भुंकत नाही, म्यांव करत नाही, दुखलं तरी ओरडत नाही. रानात शिकाऱ्यापासून दुखणं लपवणाऱ्याची ती जात आहे. त्यामुळे रोज सकाळी पेला रिकामा झाला का, गवत कमी झालं का, लेंड्या नेहमीएवढ्या आहेत का, एवढं बघणं हीच त्याची विचारपूस.

आमच्याकडे ते काम मुलगी करते. वहीच्या पहिल्या पानावर तिने कापशीचं नाव लिहिलं आहे आणि त्याखाली अमॉक्सिसिलिन, लाल शाईने, काट मारून. दुकानात कुणी "सशाला काहीतरी द्या ना" म्हणत आलं, की मी त्याला ते पान दाखवतो आणि डॉक्टरांचा नंबर लिहून देतो.